दुसऱ्यानं बघितलं का?

आमच्या आत्याच्या घरातून बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढलं जायचं. आधी ती ओढायची, मग बाजूला सरकून म्हणायची, "आता तू बघ." आपण "लागलंय गं, दिसतंय की" म्हटलं तरी तिचा पाय जिन्याकडे वळायचा नाही. बरोबर कुणी नसलं तर ती समोरचं दार वाजवायची. तिथे फरहतआपा राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी हैराण. त्या भिंतीला धरत बाहेर यायच्या, कुलूप ओढायच्या आणि म्हणायच्या, "लगा है माँ. जा अब." लहानमोठ्या सगळ्यांनाच त्या माँ म्हणतात. मग आत्या जायची. हैदराबादला बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत हा कार्यक्रम इतकी वर्षं चालला की नव्या भाडेकरूंना ती काहीतरी धार्मिक रीत वाटायची.

मिठाचंही तसंच. वरणात मीठ घातलं की ती चमचा आपल्या तोंडापुढे धरायची. गॅस बंद केला की "बघ गं". रेल्वेचं तिकीट, पाकिटावरचा पत्ता, औषधाची गोळी, काहीही असो, तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "दुसऱ्यानं बघितलं का?" आम्ही भावंडं लहानपणी तिला चेकिंगआत्या म्हणायचो. ते तिच्या कानावर गेलं होतं आणि त्यात चिडण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं. उलट फोन उचलला की स्वतःच सांगायची, "हौ, चेकिंगआत्या बोलायलेय."

एकदा नामपल्लीच्या नुमाइशमध्ये, म्हणजे दर थंडीत भरणाऱ्या प्रदर्शनात, ती लोणच्याची बरणी घेत होती. झाकण तिने फिरवून बघितलं, मग मला फिरवायला लावलं, मग आपांच्या हातात दिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "अम्मा, बरनी लेरे कि रिश्ता देखरे?" आपा इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसवावं लागलं. परत येताना रिक्षात मी आत्याला विचारलं की तू लग्न का नाही केलंस. ती बरणी मांडीवर धरून म्हणाली, "एक बघितला होता मी. दुसरीनं पण बघितला. तिलाच मिळाला." हे सांगताना ती स्वतःच खुदकन हसली. मी हसले नाही. मला त्या न पाहिलेल्या दुसरीचा राग आला, आणि तो अजून आहे.

आता तिच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण नातेवाइकांपैकी निम्म्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की ती घरी बसून ऑनलाइन शिकवण्या घेते. कॉम्प्युटरच्या किंवा फोनच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो, ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं. त्याला कर्नल म्हणतात. असा एक कर्नल जगभरचे लोक मिळून उघड्यावर लिहितात. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. आता माणसाने लिहिलेलं यंत्राला जसंच्या तसं कळत नाही. ते यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा आणखी एक प्रोग्रॅम लागतो, तो कंपायलर. त्या कर्नलला वर्षानुवर्षं एकच कंपायलर होता. पुढे वेगळ्या लोकांनी लिहिलेला दुसरा आला. कर्नल या दुसऱ्याकडूनही नीट बांधला गेला पाहिजे, रोज होणाऱ्या बदलांमुळे तो कुठे अडला तर शोधून दुरुस्त केलं पाहिजे, हे ज्या मूठभर लोकांनी अंगावर घेतलं त्यांत आमची आत्या होती.

ती दोन्ही कंपायलरांना घरातल्या मुलांसारखी नावं देऊन मोकळी झाली होती. जुना तो थोरला, नवा तो धाकटा. "थोरल्याला घरच्या सवयी पाठ आहेत," ती सांगायची. "लोकांनी अर्धवट लिहिलं तरी तो समजून घेतो. धाकट्याला सगळं नीट लिहून द्यावं लागतं. आणि शंका फार विचारतो." या शंका म्हणजे वॉर्निंग. कंपायलर काम करता करता मध्येच सांगतो, की बाबा, इथे काहीतरी गडबड वाटतेय, बघून घे. बऱ्याच जणांना ही कटकट वाटते. मी स्वतः गच्चीबावलीकडच्या एका कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते, त्यामुळे लोकांना शंका किती आवडतात हे मला ठाऊक आहे. आत्या मात्र म्हणायची, "वॉर्निंग म्हणजे शिवी नव्हे. शंका आहे ती. तिला गप्प नाही करायचं, उत्तर द्यायचं."

हे काम ती आधी एका कंपनीत पगार घेऊन करायची. कंपनीने एके दिवशी तो विभागच बंद केला आणि तिला दुसरं काहीतरी देऊ केलं. तिने नमस्कार केला, निवृत्ती घेतली आणि तेच काम घरी सुरू केलं. मशीन ठेवलं देवघरात, कारण घरातली तीच खोली सगळ्यात थंड. सकाळी अंघोळ झाली की आधी दोन्ही कंपायलरांना कामाला लावायची आणि मग पूजेला बसायची. मशीनचा पंखा असा घोंघावायचा की आरती कुणाला ऐकूच जायची नाही. मे महिन्यात कूलर देवघरात आणि आम्ही पाहुणे बाहेर घामाघूम. कुणी कुरकुर केली की म्हणायची, "तुम्ही थोडा वेळ बसणार. ते काम करायलंय."

हा दुसऱ्या नजरेचा नाद तिला तिच्या आजोबांकडून लागला असं बाबा म्हणतात. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात वकील होते. कागद उर्दूत, पक्षकार मराठी, अशी अवस्था. कागद तयार झाला की तो ज्या मुनशीने लिहिला त्याला ते वाचू द्यायचे नाहीत. दुसऱ्या मुनशीला बोलवायचे, ज्याने तो आधी पाहिलेलाच नाही, आणि त्याच्याकडून पक्षकारासमोर मोठ्याने वाचून घ्यायचे. आत्या लहानपणापासून ही गोष्ट ऐकून होती आणि धाकट्याची बाजू मांडताना तीच सांगायची. "लिहिणारा मुनशी मनातलं वाचतो," ती म्हणायची, "दुसरा कागदावरचं वाचतो. कर्नलला इतकी वर्षं एकच मुनशी होता, बघ."

तिची पत्रं लिहिण्याची पद्धत मला फार आवडायची. कर्नलचं सगळं बोलणं ई-मेलवर चालतं, आणि ते जगाला दिसतं. गावातली चावडीच ती. कर्नलचे भाग वाटून दिलेले असतात आणि प्रत्येक भागाचा एक कारभारी असतो. त्याने हो म्हटल्याशिवाय त्याच्या भागात अक्षर बदलत नाही. यातल्या एका परदेशी कारभाऱ्याला आत्याने सुभेदार असं नाव दिलं होतं. त्याचं खरं नाव मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. माणूस हुशार आणि तुसडा. आत्या त्याला पॅच पाठवायची, म्हणजे दुरुस्तीचा लहानसा तुकडा आणि तो का हवा याचं टिपण. सुभेदाराचं उत्तर एका ओळीचं यायचं आणि त्या ओळीत काटे असायचे.

असं उत्तर आलं की आत्या आधी खुर्ची मागे सरकवून त्याला दखनीत मनसोक्त झोडपायची. "क्या रे हौले, पढ़े बगैर जवाब देतै क्या? आँखाँ हैं कि बटनाँ?" हौला म्हणजे आमच्याकडे बावळट. समोरून आपा विचारायच्या, "कौन है, वैजू?" आत्या सांगायची, "वोइच, सुभेदार." हे झालं की दिवसभर ती त्या पत्राकडे बघायची नाही. आलेल्या दिवशी उत्तर द्यायचं नाही हा नियम होता. दुसऱ्या दिवशी लिहायची, मला किंवा आपांना वाचायला लावायची, विशेषणं असतील तेवढी काढून टाकायची आणि पाठवायची, "आपण वेळ काढून पाहिलंत, आभारी आहे." मी म्हणायचे, अगं पण कालचं ते बटनाँ कुठे गेलं? ती म्हणायची, "ते माझ्यासाठी होतं. हे कामासाठी आहे."

याच सुभेदाराने एकदा तिच्या कामावरच घाव घातला. त्याने चावडीवर जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीपासून माझ्या भागात धाकट्यासाठीचे पॅच घेणार नाही. त्याचं म्हणणं असं होतं की थोरल्याने कोड नीट बांधला जातोय, चालतोय, आणि हे पॅच फक्त नव्या कंपायलरचं तोंड बंद करण्यासाठी येतात; त्यांनी कोड सुधारत तर नाहीच, उलट बिघडतो. हवं तर दाखवून द्या की बिघडत नाही. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू होण्याआधी निर्णय व्हायचा होता. त्याचा भाग असा मध्यावरचा, की तो वगळला तर धाकट्याकडून उरलेला कर्नल बांधण्यात काही अर्थच उरत नव्हता. आत्याची कितीतरी वर्षं त्यात गेली होती. नोकरी गेली तेव्हाही तिचा चेहरा इतका उतरला नव्हता. त्या दिवशी तिने सुभेदाराला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी तेव्हा हिमायतनगरला राहत होते, अजूनही तिथेच राहते. रविवारी सकाळी बरकतपुऱ्याला गेले तर आत्याने बेत ठरवून ठेवला होता. सुभेदाराच्या भागात तिने आजवर जेवढे पॅच दिले तेवढे सगळे पुन्हा वाचायचे आणि प्रत्येक का दिला ते दाखवून द्यायचं. मी टिपण मोठ्याने वाचणार, ती समोरचा कोड बघणार. अगदी त्या आजोबांसारखं, फक्त मुनशीच्या जागी मी. आपा अंबाडीची पानं खुडत दारापाशी बसल्या होत्या. काम छान चाललं होतं. एकापाठोपाठ एक पॅच निघत होता आणि प्रत्येकात काहीतरी खरी खोट सापडून दुरुस्त झालेली दिसत होती. मला तर जोर चढला. मी म्हटलं, आत्या, सुभेदार आता तोंडात मारल्यासारखा गप्प बसतो बघ.

मग एक टिपण मी वाचलं आणि आत्या म्हणाली, "थांब. परत वाच." मी परत वाचलं. अगदी लहान पॅच होता. कोडमधला तो तुकडा मशीनच्या आतल्या उष्णता मोजणाऱ्या भागाला विचारतो, की किती तापलंय. विचारून काय झालं हे एका खणात टाकून ठेवायचं असतं. धाकट्याने शंका काढली होती की एका वाटेने गेलं तर त्या खणात काहीच टाकलं जात नाही. त्यावर आत्याने त्या वेळी काय केलं होतं, तर सुरुवातीलाच खणात शून्य टाकून दिलं होतं. वॉर्निंग गेली. पण कर्नलच्या रिवाजात शून्य म्हणजे काम फत्ते. ती वाट नेमकी तेव्हाची होती, जेव्हा मोजणारा भाग काही उत्तरच देत नाही. म्हणजे तो मेलेला असला तरी कर्नलला निरोप मिळणार, की सगळं ठीक आहे.

आत्याने पडद्यावरच्या त्या शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "गप्प केलं की गं मी तिला." तिच्या आवाजात असं काही होतं की आपांनी अंबाडी खाली ठेवली. पॅचखाली ज्याने तपासलं त्याचं नाव घालायची एक ओळ असते, ती रिकामी होती. तारीख बघून मला आठवलं. आजीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाचे ते दिवस. आत्या मांडीवर लॅपटॉप घेऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची आणि डॉक्टर आले की झटकन उठायची. आजी त्याच आठवड्यात गेली. आत्याला आठवायची गरज नव्हती, तिला ते तारीख बघायच्या आधीच कळलं होतं. "दुसऱ्यानं बघितलं नव्हतं," ती म्हणाली.

इथे मी तिच्याशी भांडले, आणि चांगली कडाडून भांडले. सुभेदार नेमकं हेच म्हणत होता ना, की हे पॅच वॉर्निंगचं तोंड बंद करतात आणि कोड बिघडवतात? त्याला सगळ्या जगासमोर पुरावा आणून देणार तू? चूक दुरुस्त कर, जरूर कर, पण निर्णय होऊन जाऊ दे. थोडे दिवस थांब. इतकी वर्षं कुणाला दिसली नाही ती आणखी थोडे दिवस दिसणार नाही. आत्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तेवढ्यात कुणाचं मशीन तापलं तर?" मी म्हटलं, इतकी वर्षं नाही तापलं. ती म्हणाली, "तुला कसं माहीत? त्याला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलंय ना मी." मी आपांकडे बघितलं, की निदान तुम्ही तरी सांगा. आपा म्हणाल्या, "भेज दे माँ. नई भेजी तो तू खाना नई खाती, फिर मेरे भी गले से नई उतरता."

आत्याने त्याच दिवशी दुरुस्ती लिहिली. आलेल्या पत्राला त्या दिवशी उत्तर देत नाहीत, पण स्वतःच्या चुकीला तो नियम लागू नाही, असं तिचं म्हणणं. टिपणाची सुरुवात अशी होती: "ही चूक माझी आहे. कंपायलरची शंका बरोबर होती; मी तिला उत्तर न देता गप्प केलं." मी म्हटलं, निदान आजी आजारी होती एवढं तरी लिही. तिने मान हलवली. "पॅचमध्ये आईचं काय काम?" मग दुरुस्ती दोन्ही कंपायलरांनी बांधून बघितली, माझ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली, आणि तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. कर्नलच्या इतिहासात माझं नाव पहिल्यांदा लागलं ते असं, तिच्या चुकीखाली. पाठवताना तिने बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी रागात होते, तरी म्हटलं, "बघितलंय मी. पाठव."

पुढचे दिवस वाईट गेले. चावडीवर ज्यांना धाकटा नकोच होता त्यांना खाऊ मिळाला. बघा, त्यांचाच माणूस कबूल करतोय, असं कितीजणांनी लिहिलं. धाकट्याच्या बाजूचेसुद्धा काहीजण चिडले, की हीच वेळ सापडली का. आत्या सकाळी सगळं वाचायची आणि कुणालाच उत्तर द्यायची नाही. सुभेदार एक शब्द बोलत नव्हता. मी रोज ऑफिस सुटल्यावर बरकतपुऱ्याला जाऊ लागले. वरण खारट झालेलं असायचं आणि तिने चमचा पुढे केलेला नसायचा. एकदा ती म्हणाली, "बंद झालं काम तर सकाळी उठून काय करू गं मी?" मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसले.

सुभेदाराचं पत्र आलं तेव्हा मी तिथेच होते, रविवार होता. आत्याने ते मला वाचायला लावलं, कारण तिचा चष्मा नेहमीप्रमाणे देवघरात राहिला होता. निदान तिने कारण तरी तेच सांगितलं. त्याने लिहिलं होतं की दुरुस्ती घेतली आहे. मूळ पॅच माझ्याकडे आला तेव्हा मीसुद्धा तो पाहिला होता आणि जाऊ दिला होता, तेव्हा या चुकीला दोन नावं आहेत. शंका बरोबर होती हे मान्य. धाकट्यासाठीचे पॅच मी यापुढेही घेईन, पण शंकेला गप्प करणारा एकही घेणार नाही. उत्तर असेल तरच पाठवा. एवढंच. आभार नाहीत, काही नाही. आत्या म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग ती उठली, आपांच्या दारात गेली आणि म्हणाली, "आपा, हौला नाहीये तो." त्या दिवशी तिने अंबाडीची भाजी केली आणि मीठ आम्हा दोघींना चाखायला लावलं. मला इतकं बरं वाटलं की भाजी कमी तिखट आहे हेही मी बोलले नाही.

त्यानंतर सुभेदार काही गोड बोलायला लागला नाही. उत्तरं एका ओळीचीच राहिली. पण त्याच्या भागात कुणीही नवीन काही पाठवलं की तो विचारू लागला, "दुसऱ्या कंपायलरने बांधून पाहिलं का?" आत्या हे वाक्य मला फोन करून वाचून दाखवायची. जणू तिचं कुणी कौतुकच केलंय.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली. काचिगुड्याहून भाजी घेऊन येताना जिन्यातच छातीत दुखलं. दवाखान्यात तिला इंजेक्शन द्यायला सिस्टर आल्या, तर हिने मास्क बाजूला करून विचारलं, "दूसरे ने देखा क्या?" सिस्टर म्हणाल्या, "हाँ अम्मा, हमारे यहाँ दो जने देखते." खरंच त्यांच्याबरोबर दुसरी सिस्टर होती आणि तिने बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचलं. आत्याचा चेहरा असा काही खुलला, की बाबांना जवळ बोलावून ती म्हणाली, "अण्णा, चांगला दवाखाना आहे हा." मी त्या दिवशी घरी जाऊन झोपले, कारण मलाही दवाखाना चांगला वाटला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टरांनी सगळं नीट केलं होतं. दोघांनी बघूनही काही गोष्टी होतात, आणि हे मला अजून कुणाला नीट सांगता येत नाही.

चावडीवर मी चार ओळी लिहून कळवलं. जगभरातून पत्रं आली. ज्यांची नावं मला उच्चारता येत नाहीत अशा लोकांनी लिहिलं की आम्हाला शंका गप्प न करायला हिनेच शिकवलं. मग काही दिवसांनी सुभेदाराचं पत्र आलं, फक्त मला. कर्नलमध्ये कोणता भाग कोण सांभाळतं याची एक फाइल असते आणि ज्यांनी पूर्वी काम केलं त्यांची आणखी एक. आत्याचं नाव पहिलीतून काढून दुसरीत घालायला हवं होतं. तो पॅच त्याने स्वतः तयार केला होता. एरवी एका ओळीचा माणूस, पण या वेळी त्याने थोडं जास्त लिहिलं होतं: "हा बदल मी एकट्याने केला तर तिला आवडणार नाही. तिच्या त्या दुरुस्तीखाली तुमचं नाव आहे. तुम्ही पाहाल का?"

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बरकतपुऱ्याला गेले, आपांना हात धरून आत्याच्या घरात आणलं आणि देवघरातलं मशीन सुरू केलं. आपांनी चष्मा लावून पॅच मोठ्याने वाचला. एका फाइलमधून तिच्या नावाच्या ओळी जातात, दुसरीत येतात, खाली तिने काय सांभाळलं ते, आणि गाव हैदराबाद. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हौ. बराबर है." मग त्या पदराने डोळे पुसत घरी गेल्या. मी थोरल्याला कामाला लावलं, त्याचं झाल्यावर धाकट्याला. या दोन्ही फाइली नुसत्या मजकुराच्या आहेत, कुठलाच कंपायलर त्यांना हात लावत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मशीनचा पंखा थांबेपर्यंत मी तिथे बसून राहिले. दोघांनीही काही शंका काढली नाही. मग पॅचखाली तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिला.

निघताना दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि माझा पाय जिन्याकडे वळेना. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आपा भिंतीला धरत आल्या, त्यांनी कुलूप धरून एकदा ओढलं.

"लगा है माँ," त्या म्हणाल्या. "जा अब."